फौज कल्ट आहे का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागच्या अंकात एका महाविद्यालयीन तरुणाचे पत्र छापले होते. वडील सतरा वर्षे पायदळात होते आणि घरी परतल्यावरही मनाने पलटणीतच राहिले, तेव्हा फौज म्हणजे सरकारमान्य कल्टच, म्हणजे माणसाचे मन ताब्यात घेणारा बंदिस्त पंथच, असा त्याचा सूर होता. त्यावर आलेल्या पत्रांत शिव्या आहेत, तसे नेमके प्रश्नही आहेत. शिव्या बाजूला ठेवून प्रश्न घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न: मी मराठा लाइट इन्फंट्रीतून नायक म्हणून निवृत्त झालो. ते पत्र वाचून आधी राग आला. नंतर शांतपणे वाचले तर त्यातले बरेच पटलेही. कल्ट कशाला म्हणायचे याची काही कसोटी आहे की ज्याला जे आवडत नाही त्याला तो हे नाव देतो? (खटाव, जि. सातारा)

उत्तर: कसोटी आहे, आणि ती निघाली सैनिकांच्याच अनुभवातून. 1953 मध्ये कोरियातले युद्ध थांबले. चिनी ताब्यातून सुटलेल्या अमेरिकी सैनिकांना तपासणाऱ्यांत रॉबर्ट जे लिफ्टन हा हवाई दलातला तरुण मनोविकारतज्ज्ञ होता. पुढे हाँगकाँगला जाऊन चीनमधून बाहेर पडलेल्या लोकांच्या त्याने लांबलचक मुलाखती घेतल्या. त्यावरून 1961 मध्ये त्याने माणसाचे मन ताब्यात घेणाऱ्या गटांची आठ लक्षणे मांडली. आज कल्टवर कोणीही लिहिले तरी मुळाशी बहुतेक वेळा तीच असतात.

त्यांतली चार फौजेला सरळ लागू पडतात. पहिले, बाहेरच्या जगाशी संपर्क तोडणे: रंगरुटाचे पहिले महिने आठवा. दुसरे, कधीच पुरी न होणारी शुद्धतेची मागणी: किट इन्स्पेक्शनला बूट कितीही चमकवा, दोष निघतोच, कारण तो काढायचा हे आधीच ठरलेले असते. तिसरे, आपली वेगळी भाषा: ‘ऊपर से ऑर्डर है’ किंवा ‘पलटन की इज्जत का सवाल है’ एवढे म्हटले की पुढचा प्रश्न तोंडातच राहतो. चौथे, माणसाच्या अनुभवापेक्षा तत्त्व मोठे: गुडघा दुखतो हे जवानाला जाणवते, पण ‘फौजी को दर्द नहीं होता’ हे त्याहून खरे ठरते.

उरलेल्या चारांपैकी तिघांचे गणित जमत नाही. कल्टमध्ये कबुलीजबाब साठवून ठेवतात आणि पुढे माणसाच्या विरुद्ध वापरतात. फौजेत चूक कबूल केली की शिक्षा ठरते, भोगली की हिशेब मिटतो. सेवेच्या कागदांत शिक्षेची लाल शाईची नोंद राहते, पण ती कोणत्या कलमाखाली आणि किती दिवसांची, हे लिहिलेले असते. गुरूची दैवी सत्ता म्हणाल तर लष्करप्रमुखही तीन वर्षांनी किंवा वयाच्या 62 व्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, घरी जातो. पलटणीचा कमान अधिकारी, म्हणजे तिचा प्रमुख, तर दोन-अडीच वर्षांतच बदलतो. बाहेरच्यांना जगण्याचाच हक्क नाही, ही कल्टची शेवटची पायरी. ‘सिव्हिलियन’ हा शब्द बराकीत तुच्छतेने उच्चारतात हे खरे, पण पगार, कायदा आणि शपथ तिन्ही त्या सिव्हिलियनांच्या संसदेतूनच येतात.

राहिले एक लक्षण: आपले शास्त्र अंतिम, त्यावर प्रश्न नको. इथे फौज दोन्हीकडे दिसते. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल काही भाग वगळून 2000 मध्ये लोकांसमोर आला. 1962 च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल मात्र सरकारने आजवर अधिकृतपणे उघड केलेला नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की अवजारे बऱ्याच अंशी तीच आहेत. ती वापरणाऱ्यावर बाहेरच्या कोणाची नजर आहे का, वापरण्याची मुदत लिहिलेली आहे का, आणि माणूस आपली कागदपत्रे, पैसा आणि अब्रू घेऊन बाहेर पडू शकतो का, हे पाहायचे. ‘फौज’ या एका शब्दावर निकाल देण्यापेक्षा अमुक कंपनी, अमुक केंद्र, अमुक साहेब यांना ही मापे लावा. एकाच डिव्हिजनमध्ये उत्तरे वेगवेगळी येतील.

प्रश्न: मुलगा अग्निवीर म्हणून बेळगावला ट्रेनिंगला गेला. रविवारी फोन येतो तेव्हा ‘सगळं ठीक आहे’ यापलीकडे बोलत नाही. आवाजही बदललाय. त्याचं डोकं फिरवलं तर नाही ना? (चंदगड, जि. कोल्हापूर)

उत्तर: ताई, पहिल्या दोन महिन्यांत हे बहुतेक घरांत होते. फोन कंपनीत जमा असतो, बोलायला थोडाच वेळ मिळतो, पाठीमागे रांग असते आणि मुलगा दमलेला असतो. घरच्यांना त्रास नको म्हणून तो ‘ठीक आहे’ म्हणतो.

आत काय चालते ते समजून घ्या. केस, कपडे, झोप, जेवण सगळे एका दिवसात बदलते. झोप कमी आणि घाई सतत, म्हणजे स्वतःशी विचार करायला वेळच उरत नाही. एकाच्या चुकीला साऱ्या सेक्शनला पिट्टू, म्हणजे पाठीवरची जड पिशवी, लावून पळवतात, म्हणजे मुले आपोआप एकमेकांवर लक्ष ठेवू लागतात. हा सगळा ठरवून केलेला प्रकार आहे आणि कल्टचे पहिले आठवडेही असेच असतात, हे लपवण्यात अर्थ नाही. पण इथे तो संपतो. अग्निवीराचे, म्हणजे चार वर्षांसाठी घेतलेल्या जवानाचे, प्रशिक्षण साधारण 31 आठवड्यांचे आहे, आधी बेसिक, मग अ‍ॅडव्हान्स. जसजसे आठवडे जातात तसतशी मोकळीक वाढते. शेवटी कसम परेड होते, आईवडिलांना बोलावतात, त्यांच्या छातीवर गौरव पदक लावतात. पुढे दरवर्षी रजा मिळते. कल्टमध्ये माणूस जितका आत जातो तितका घरचा संपर्क तुटत जातो. इथे तो वाढला पाहिजे. वाढत नसेल तर चौकशी करा.

काळजी खरी कशाची करायची ते सांगतो. नडगीच्या हाडाला पडणारी बारीक चीर, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, रंगरुटांत नेहमी आढळते. एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, गेलो तर रेलिगेट करतील, म्हणजे मागच्या तुकडीत ढकलतील, या भीतीने मुले दुखणे लपवतात. बोट ठेवल्यावर एकाच जागी कळ येते आणि रात्री विश्रांतीतही ठणकते, असे तो म्हणाला तर त्याला त्याच दिवशी सिक रिपोर्ट करायला, म्हणजे आजारी असल्याची नोंद करून डॉक्टरला दाखवायला, सांगा. मागच्या तुकडीत गेल्याने काही आठवडे जातात. हाड पूर्ण मोडले तर अनेक महिने जातात, कधी भरतीच जाते. कडक रगड्यानंतर, म्हणजे दमवून टाकणाऱ्या कसरतीनंतर, लघवी गडद तपकिरी झाली, तर ती स्नायू तुटल्याची खूण असते आणि मूत्रपिंडावर बेतू शकते. त्यात दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही.

त्याचा नंबर, कंपनी, प्लाटून आणि कंपनी ऑफिसचा लँडलाइन वहीत लिहून ठेवा. दोन रविवार लागोपाठ फोन आला नाही तर तिथे विचारा. ‘मला जगायचे नाही’ अशा अर्थाचे काहीही तो बोलला तर रविवारची वाट न पाहता कंपनी कमांडरशी थेट बोला. त्यात मुलाची बदनामी होत नाही. आणि कोणी त्याच्याकडे किंवा तुमच्याकडे पैसे मागत असेल, तर त्याचा प्रशिक्षणाशी काहीही संबंध नाही.

प्रश्न: ज्या उस्तादाने (प्रशिक्षकाने) सर्वांत जास्त रगडले त्याच्याबद्दलच माझ्या भावाला सर्वांत जास्त आदर आहे. हे काय गौडबंगाल आहे? (नाशिक)

उत्तर: गौडबंगाल जुने आहे आणि प्रयोगाने तपासलेले आहे. 1959 मध्ये अ‍ॅरन्सन आणि मिल्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थिनींना एका चर्चागटात घेतले. काहींना प्रवेशासाठी लाज वाटेल अशी परीक्षा द्यावी लागली, काहींना सौम्य, काहींना काहीच नाही. चर्चा मुद्दाम अतिशय कंटाळवाणी ठेवली होती. कठीण परीक्षा दिलेल्यांना ती इतरांपेक्षा चांगली वाटली. इतके सोसले ते फुकट होते असे मानणे मनाला जड जाते, म्हणून मन त्या गोष्टीची किंमत वाढवते.

दुसरे कारण ड्रिलचे. एका तालात अंग हलवल्याने माणसे जवळ येतात. ऑक्सफर्डच्या वल्हेकऱ्यांवर केलेल्या एका प्रयोगात, एकट्याने वल्हवण्यापेक्षा तेवढेच कष्ट एकत्र केल्यावर दुखणे सोसण्याची ताकद जास्त वाढलेली दिसली. आजच्या लढाईत कदमतालाचा थेट उपयोग शून्य आहे, तरी कोणतीही फौज तो सोडत नाही.

तिसरे, लढताना माणूस देशाच्या नकाशापेक्षा शेजारच्या दोघातिघांकडे पाहून उभा राहतो. शिल्स आणि जॅनोविट्झ यांनी 1948 मध्ये जर्मन युद्धकैद्यांच्या मुलाखतींवरून हेच मांडले. हिटलरच्या विचारांपेक्षा आपली छोटी टोळी टिकली होती तोवर ते लढले. या निष्कर्षावर पुढे बरीच टीका झाली, विचारसरणीचा वाटा त्यांनी कमी धरला असे अनेक इतिहासकार म्हणतात. आपल्याकडची दहाजणांची सेक्शन मात्र याच समजुतीवर उभी आहे.

तुमच्या भावाचा आदर खोटा नाही. उस्तादाच्या वागण्यातले काय शिकवण्यासाठी होते आणि काय त्याच्या स्वभावाची हौस होती, हे त्याला वेगळे काढता येते का, एवढे पाहा. माझ्यावर झाले म्हणून मी पुढच्यावर करणार, असे तो म्हणू लागला तर त्याला आर्मी अ‍ॅक्टचे कलम 47 दाखवा. हाताखालच्या माणसाला मारहाण किंवा छळ केल्यास सात वर्षांपर्यंत कैद आहे.

प्रश्न: हुकूम चुकीचा असेल तर नाही म्हणता येते का? (अकोला)

उत्तर: कायद्यात येते, व्यवहारात फार महाग पडते. 1950 च्या आर्मी अ‍ॅक्टच्या कलम 41 मध्ये शिक्षा आहे ती कायदेशीर हुकूम मोडण्याला. वरिष्ठाने समोरासमोर दिलेला असा हुकूम उद्धटपणे धुडकावला तर 14 वर्षांपर्यंत कैद. बेकायदा हुकूम या कलमात बसत नाही. शपथही आधी राज्यघटनेशी निष्ठेची आहे, मग जमीन, समुद्र, आकाश कुठेही जाण्याची आणि जिवावर बेतले तरी वरिष्ठांचे हुकूम पाळण्याची. हा क्रम महत्त्वाचा आहे. कोणत्याही बाबाच्या दीक्षेत बाबाच्या वर एखादे पुस्तक नसते की ज्यातले कलम दाखवून बाबाला कोर्टात खेचता येईल.

अडचण अशी की हुकूम बेकायदा होता हे ठरते नंतर, आणि नकार द्यावा लागतो त्या क्षणी. निःशस्त्र कैद्याला मारणे, खोटी कागदपत्रे करणे, साहेबाच्या खासगी धंद्यासाठी सरकारी माल हलवणे, इथे शंका नसते. ‘हा हुकूम मूर्खपणाचा आहे’ एवढ्यावर मात्र नकार देता येत नाही. तो पाळायचा आणि मग तक्रार करायची. शंका असेल तर साक्षीदारासमोर हुकूम पुन्हा सांगायची विनंती करा. बेकायदा हुकूम देणारा बहुतेक वेळा तिथेच सूर बदलतो.

प्रश्न: तक्रार ज्याच्याबद्दल त्याच्याचकडे करायची, हा कुठला न्याय? आणि तोंड उघडले की शिस्तभंग! हेच तर कल्टचे लक्षण. (सांगली)

उत्तर: तुमचा राग रास्त आहे, पण अर्धा. घटनेच्या कलम 33 ने संसदेला फौजेतल्या लोकांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार दिला आहे. त्यानुसार आर्मी अ‍ॅक्टच्या कलम 21 खाली संघटना, सभा आणि वृत्तपत्राशी बोलणे यांवर बंधने येतात. 2020 मध्ये फेसबुक, इन्स्टाग्रामसह 89 अ‍ॅप काढून टाकायचा आदेश निघाला, दिल्ली उच्च न्यायालयात त्याला आव्हान दिले गेले आणि ते फेटाळले गेले. भरीला कलम 63 आहे, ‘सुव्यवस्था आणि शिस्तीला बाधक कृत्य’. त्यात जवळपास काहीही बसवता येते. आमच्या मते संपूर्ण कायद्यातले सर्वांत सैल आणि म्हणून सर्वांत धोक्याचे कलम हेच.

उरलेला अर्धा भाग असा. जवान आणि जेसीओ (सुभेदारासारखे कनिष्ठ अधिकारी) यांची तक्रार कलम 26 खाली येते. ती आपल्या कंपनी किंवा युनिटच्या अधिकाऱ्याकडे करायची, पण तक्रार त्याच अधिकाऱ्याविरुद्ध असेल तर त्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे करता येते. हे कायद्यातच लिहिले आहे आणि बहुतेक जवानांना ठाऊक नसते. रीत अशी: आधी इंटरव्ह्यूची, म्हणजे अधिकाऱ्याला समोर भेटून बोलण्याची, विनंती, ती नोंदवून घ्यायची. मग लेखी तक्रार, एका कागदावर, तारीख, जागा, कोण हजर होते, काय हवे आहे. प्रत स्वतःजवळ, पोच घेऊन. तिथे दाद लागली नाही तर वरच्या पातळीवर वैधानिक तक्रार.

सहा महिन्यांत निकाल आला नाही किंवा आलेला पटला नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरण, म्हणजे सैन्यातल्या वादांसाठीचे खास न्यायपीठ. 2007 च्या कायद्याने झालेले हे न्यायाधिकरण 2009 पासून चालू आहे. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी मुंबईचे पीठ. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज जायला हवा. वरच्या पायऱ्या न चढता थेट गेलात तर साधारणपणे परत पाठवतात.

माणसे दोन ठिकाणी फसतात. चारपाच जणांनी मिळून एकाच कागदावर सह्या करायच्या नाहीत, एकत्रित तक्रारीकडे बंडाळीच्या नजरेने पाहतात. प्रत्येकाने आपली वेगळी द्यावी. आणि ऐकीव आरोप लिहायचा नाही, कारण कलम 56 खाली जाणूनबुजून खोटा आरोप केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पाहिले तेवढेच लिहा.

या दरवाजातून लोक जातात, मोठेही जातात. जानेवारी 2012 मध्ये पदावर असलेल्या लष्करप्रमुखांनी, जनरल व्ही. के. सिंग यांनी, जन्मतारखेच्या वादात सरकारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आणि पुढेही पदावर राहिले. महिला अधिकाऱ्यांना पर्मनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची कायम नेमणूक, मिळाले ते कोर्टात लढून, निकाल 17 फेब्रुवारी 2020 चा. अर्थात बढतीच्या उंबरठ्यावरचा हवालदार जनरल नसतो. त्याला याच दरवाजाची किंमत कितीतरी जास्त पडते.

प्रश्न: पलटणीत मंदिर परेडला जावेच लागते. धर्म ही खासगी बाब नाही का? (पणजी)

उत्तर: रेजिमेंटच्या घोषणा, देवळे, सण यांच्यामागे धर्मप्रसार हा हेतू नाही, माणसे बांधण्याचा आहे. मराठा पलटणींत शिवाजी महाराजांचा जयघोष कोणत्याही धर्माचा अधिकारी तितक्याच जोराने करतो. बऱ्याच युनिटमध्ये सर्वधर्मस्थळ असते आणि अधिकाऱ्याने आपल्या जवानांचा धर्म परेडपुरता आपला मानायचा अशी परंपरा आहे. शपथ मात्र ईश्वराच्या नावाने किंवा नुसती गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करून घेता येते.

एका ख्रिस्ती लेफ्टनंटने मंदिर आणि गुरुद्वारात जाण्याची तयारी दाखवली, पण गाभाऱ्यात पूजेला जाण्यास नकार दिला. त्याला 2021 मध्ये काढून टाकले. दिल्ली उच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये ती कारवाई कायम ठेवली. कायदा त्यामुळे स्पष्ट झाला आहे. तरी आमचे मत नोंदवतो: शपथ निधर्मी ठेवायची आणि नोकरी मात्र गाभाऱ्यातल्या पावलावर अवलंबून ठेवायची, इथे फौज तुम्ही ज्याला कल्ट म्हणता त्याच्या सर्वांत जवळ जाते. जवानाने वागायचे कसे, हा वेगळा प्रश्न. अडचण असेल तर पोस्टिंगच्या सुरुवातीलाच कमान अधिकाऱ्याला एकांतात आणि लेखी सांगा. परेडच्या मैदानावर नकार देऊ नका.

प्रश्न: अग्निवीराला मधेच सोडून येता येते का? दोन वर्षे झाली आहेत, मन लागत नाही. (बीड)

उत्तर: मनात आले म्हणून नाही. चार वर्षे पुरी होण्याआधी स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडणे फक्त अपवादात्मक कारणासाठी आणि सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीने होते. मंजुरी मिळाली तर सेवा निधीतला तुमचा जमा वाटा व्याजासह मिळतो, सरकारचा वाटा मिळत नाही. पहिल्या वर्षी 30,000 पगारापैकी 9,000 दरमहा या निधीसाठी कापले जातात, चौथ्या वर्षी 40,000 पैकी 12,000. चार वर्षांचा तुमचा वाटा सुमारे 5.02 लाख, तेवढाच सरकारचा, व्याज धरून सुमारे 11.71 लाख. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही. म्हणजे आत्ता निघालात तर हातात येणारी रक्कम निम्म्याहूनही बरीच कमी असेल.

रजेवर येऊन परत न जाणे हा सर्वांत वाईट मार्ग. 30 दिवस गैरहजर राहिले की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते, फरार घोषित करतात, जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे पकडण्याचा कागद येतो. पुढे सरकारी नोकरीचे दार बंद. दिवस थोडेच झाले असतील तर पकडले जाण्याआधी स्वतः युनिटला परत जा, शिक्षेत फरक पडतो.

मन न लागण्याचे कारण अनेकदा कामापेक्षा स्पर्धेत असते. चौथ्या वर्षानंतर जास्तीत जास्त 25 टक्के कायम होणार, म्हणून शेजारच्या खाटेवरचा दोस्तच प्रतिस्पर्धी. जुन्या जवानाला पलटण निदान पंधरा वर्षांचे घर होते. हा बदल एकमेकांना धरून राहण्याच्या मुळावर येतो, असे अनेक निवृत्त अधिकारी जाहीरपणे म्हणाले आहेत. गंमत अशी की कल्टच्या मापाने पाहिले तर अग्निपथ, म्हणजे अग्निवीरांच्या भरतीची योजना, कमी बंदिस्त आहे: मुदत छोटी, तारीख ठरलेली. सैनिकाच्या मापाने मात्र तो जास्त एकटा आहे.

प्रश्न: आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. पिढ्यान्‌पिढ्या. अख्खे गावच कल्टमध्ये म्हणायचे का? (जि. सातारा)

उत्तर: सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावचे 46 जण पहिल्या महायुद्धात पडले, तिथे स्मारक आहे. कोल्हापुरात सैनिक टाकळी आहे. या गावांची परंपरा खरी, पण तिला पाऊस, जमीन आणि पगार यांचाही आधार आहे. कोरडवाहू खटाव-माणमध्ये दरमहा येणारी मनिऑर्डर हा देशभक्तीइतकाच मोठा विचार होता.

कल्टच्या सिद्धांताला सर्वांत अडचणीचा इतिहास महारांचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी त्यांची भरती बंद केली. 1894 मध्ये गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला, पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी तो लढा चालवला आणि 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. माणसांनी अर्धशतक अर्ज-विनंत्या करून हक्क म्हणून मागितलेली ही जागा आहे, कारण बाहेरच्या गावगाड्यात त्यांना जे नाकारले जात होते ते गणवेशात थोडेफार मिळत होते.

प्रश्न: मुलाला भरतीपूर्व अकादमीत घातले आहे. फोन काढून घेतला, चुकल्यावर पट्ट्याने मारतात, सुट्टी मागितली तर ‘फौजेत असेच असते’ म्हणतात. (जालना)

उत्तर: आधी मुलाला घरी आणा, बाकीचे नंतर वाचा.

अकादमी ही फौज नाही. तिथे आर्मी अ‍ॅक्ट नाही, न्यायाधिकरण नाही, वैद्यकीय तपासणी नाही, बदलून जाणारा कमान अधिकारी नाही. एकच मालक आहे आणि त्याच्यावर कोणाचीच नजर नाही. फौजेची सगळी कडक अवजारे आहेत, पण त्यांना आवर घालणारे एकही कुलूप नाही, अशी ही जागा आहे. सुरुवातीला सांगितलेली मापे इथे लावली तर कल्टचा शिक्का बराकीपेक्षा अशा अकादमीवर जास्त सहज बसतो. मारहाण हा साधा फौजदारी गुन्हा आहे, पोलीस ठाण्यात जा.

नवी जागा पाहताना काय विचाराल? फी किती आणि अर्ध्यातून सोडल्यास किती परत, हे लेखी. मूळ गुणपत्रिका आणि दाखला कधीही ठेवून देऊ नका, झेरॉक्स पुरे. मुलांना रोज फोन करता येतो का. न सांगता भेटायला गेलात तर आत घेतात का. मैदानावर पाणी आणि प्रथमोपचार आहे का, उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर पळवतात का. ‘आतून ओळख आहे, सीट पक्की’ असे म्हणणारा फसवतोच. आधी ऑनलाइन लेखी परीक्षा होते, मग मैदानी चाचणी: 1.6 किलोमीटर धावणे, बीमला लोंबकळून अंग वर उचलणे, नऊ फुटांचा खड्डा ओलांडणे आणि तोल सांभाळत चालणे. हे सगळे गावच्या मैदानावर फुकट करता येते. शंका असेल तर पुणे, कोल्हापूर, मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या सैन्य भरती कार्यालयात विचारा.

प्रश्न: ‘हे’ वर्षभरापूर्वी सुभेदार म्हणून निवृत्त झाले. पहाटे पाचला साऱ्या घराला उठवतात, चप्पल वाकडी दिसली की आवाज चढतो. बोलतात ते फक्त पलटणीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. मुले त्यांना टाळू लागली आहेत. (पुणे)

उत्तर: ताई, कल्टमधून बाहेर पडलेल्या माणसांची आणि निवृत्त जवानांची पहिली दोन वर्षे बऱ्याच बाबतींत सारखी असतात. रोजचा दिवस कोणीतरी आखून द्यायचे, हुद्दा म्हणजे ओळख होती, आजूबाजूचे सगळे एकच भाषा बोलत होते. ते सगळे एका सहीने संपते. उरलेला दरारा मग घरावर चालतो. ग्रुप बंद करायला सांगू नका, तो त्यांचा आधार आहे. त्याच्या जोडीला जिथे त्यांना कोणी ‘साहेब’ म्हणत नाही अशी एक जागा लागते: सोसायटीची समिती, शेतकरी कंपनी, टेकडीवर जाणारा गट, काहीही. घरात त्यांना एक पूर्ण खाते द्या, बँक म्हणा, बाग म्हणा, आणि मुलांचे वेळापत्रक त्यांच्या हातून काढून घ्या. हे बोलणे मुलांसमोर नको.

झोप लागत नसेल, दारू वाढली असेल, दचकून उठत असतील किंवा अंगावर हात उगारत असतील, तर तो स्वभावाचा भाग म्हणून सोडू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येते. सैन्यदले आणि त्यांच्या कुटुंबांसाठी त्याचा वेगळा कक्ष पुण्यातच, एएफएमसी या सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, डिसेंबर 2023 मध्ये सुरू झाला. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या कार्डावर मनोविकारतज्ज्ञाचे उपचार मिळतात. ते येत नसतील तर तुम्ही एकट्या बोललात तरी चालते.

कागदांचेही बघून घ्या, निम्मी चिडचिड तिथून येते. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि आधार या तिन्हींवर तुमचे नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे का? लग्नाची आणि प्रत्येक मुलाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सैन्याच्या दप्तरातली नोंद, निघालेली आहे का? नसेल तर अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला जातो. नंतर, म्हणजे कौटुंबिक पेन्शनच्या वेळी, हेच दुरुस्त करताना बायकांचे वर्ष-वर्ष जाते. स्पर्श या पेन्शनच्या संकेतस्थळावर हयातीचा दाखला दरवर्षी भरायचा, नाहीतर पेन्शन थांबते. आणि नोकरीचे मनात असेल तर मेस्कोमध्ये, म्हणजे राज्याच्या माजी सैनिक महामंडळात, नाव नोंदवा, पण सुरक्षा रक्षकाचे पहिले काम मिळाले म्हणून लगेच घेऊ नका. वीस-पंचवीस माणसांचा हिशेब, स्टोअर, वाहने आणि स्वयंपाकघर सांभाळलेल्या सुभेदाराला स्टोअर किंवा प्रशासनाचे काम मागता येते. अर्जात ‘शिस्तप्रिय’ लिहिण्याऐवजी किती माणसे, किती गाड्या आणि किती रुपयांचा माल सांभाळला ते आकड्यांत लिहायला सांगा.